पाणबुड्यांसाठीच्या नलिकावेष्टित प्रचालन प्रणाली

नलिकावेष्टित प्रचालन प्रणाली म्हणजे जहाजाला किंवा पाणबुडीला पुढे ढकलणारा फिरता पंखा (प्रोपेलर) एका कंकणाकृती नळीत बसवून रेटा निर्माण करण्याची व्यवस्था होय. पाणबुड्यांमध्ये या प्रणालीचा सर्वाधिक प्रचलित प्रकार 'पंप-जेट' या नावाने ओळखला जातो. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स व रशिया या देशांच्या अनेक आण्विक पाणबुड्यांत पंप-जेट बसवलेले आहे. बॅटरीवर चालणाऱ्या बहुसंख्य डिझेल-विद्युत पाणबुड्यांत मात्र आजही उघडा पंखाच आढळतो.

नलिकेच्या आकारानुसार पंख्यापाशी येणाऱ्या पाण्याचा वेग व दाब बदलतो. वेग वाढवला तर मंद गतीला अधिक रेटा मिळतो. वेग घटवला तर दाब वाढतो आणि पंख्याचा आवाज कमी होतो. हे दोन्ही लाभ एकाच नलिकेतून एकाच वेळी पूर्णांशाने मिळत नाहीत. त्यामुळे 'सर्वांत चांगली प्रणाली कोणती' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पाणबुडीला ऊर्जा कोठून मिळते, तिचा बहुतेक काळ कोणत्या वेगाने जातो आणि कोणत्या वेगाला तिने निःशब्द राहणे आवश्यक आहे, यांवर ते उत्तर अवलंबून असते.

## परिभाषा

या लेखात पुढील संज्ञा पुढील अर्थांनी वापरल्या आहेत.

* रेटा – पाणी मागे ढकलल्यामुळे पाणबुडीवर पुढच्या दिशेने पडणारे बल.
* नलिका – पंख्याभोवतीचे कंकणाकृती वेष्टण. तिचा उभा छेद विमानाच्या पंखाच्या छेदासारखा असतो.
* रोटर – नलिकेतील फिरत्या पात्यांचे चक्र.
* स्टेटर – नलिकेतील न फिरणाऱ्या, स्थिर पात्यांची रांग.
* तुंबा – पाती ज्याला जोडलेली असतात तो मधला भाग; बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यासारखा.
* कॅव्हिटेशन – पात्यांवरील दाब अतिशय कमी झाल्याने पाण्यात बाष्पाचे बुडबुडे निर्माण होणे व ते फुटणे.

## पार्श्वभूमी : पाणबुडी आणि आवाज

समुद्राच्या पाण्यात प्रकाश व रडारच्या लहरी फार दूर जात नाहीत. ध्वनी मात्र पुष्कळ दूरवर जातो. त्यामुळे पाण्याखालील पाणबुडीचा शोध प्रामुख्याने सोनार यंत्रणेद्वारे, म्हणजे आवाजावरून, घेतला जातो. जी पाणबुडी प्रथम ऐकू येते, तिचे लपून राहण्याचे बळ संपते. त्यामुळे पंख्याचा आवाज हा पाणबुडीवरील माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

पंख्यामुळे होणाऱ्या आवाजाची दोन मुख्य कारणे आहेत.

### कॅव्हिटेशन

पाते पाणी कापत जाताना त्याच्या एका बाजूचा दाब घटतो. हा दाब पाण्याच्या बाष्पदाबापेक्षा कमी झाला, तर तापमान न वाढताही तेथील पाणी 'उकळते' आणि सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. जास्त दाबाच्या भागात जाताच हे बुडबुडे एकाएकी मिटतात. त्यातून कडकड असा विस्तृत पट्ट्यातील आवाज निघतो आणि कालांतराने पात्याचा धातूही झिजतो. पात्याचे टोक सर्वांत वेगाने फिरते आणि तेथे पाण्याचा भोवरा निर्माण होतो. त्यामुळे कॅव्हिटेशनची सुरुवात बहुधा टोकापाशी होते.

खोली वाढली की हा धोका कमी होतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १०० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे अकरा पट असतो. याउलट परिदर्शक (पेरिस्कोप) वर काढण्याइतक्या उथळ पाण्यात कॅव्हिटेशन कमी वेगालाच सुरू होऊ शकते.

### पात्यांचा ठोका

पंख्याकडे येणारे पाणी सर्वत्र सारख्या वेगाचे नसते. पंख्याच्या पुढे सुकाणू व आडवे कल्ले असतात आणि त्या प्रत्येकाच्या मागे मंद पाण्याचा एक पट्टा तयार होतो. फिरणारे पाते अशा पट्ट्यातून गेले की त्यावरील भार क्षणभर बदलतो आणि एक ठोका उमटतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १४ ठोके पडतात. असा खालच्या कंप्रतेचा नियमित आवाज पाण्यात दूरवर टिकतो. त्यावरून पंख्याचे फेरे मोजता येतात आणि पाणबुडीच्या वेगाचा अंदाजही बांधता येतो.

कल्ले चार असतील तर पंख्याची पाती बहुधा सात ठेवतात, कारण चार व सात यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे सर्व पाती एकाच क्षणी मंद पट्ट्यांत शिरत नाहीत आणि ठोक्यांची तीव्रता कमी राहते. पाती कोयत्यासारखी मागे वळवलेली असतील, तर पाते पट्ट्यात एकदम न शिरता हळूहळू शिरते. आधुनिक पाणबुड्यांचे उघडे पंखे या दोन्ही युक्त्या वापरतात. नलिका हा त्यापुढचा टप्पा आहे.

## नलिकेचे कार्यतत्त्व

कोणताही पंखा पाणी मागे ढकलूनच रेटा निर्माण करतो. दर सेकंदाला किती पाणी हाताळले आणि त्याचा वेग किती वाढवला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे रेटा. तोच रेटा पुष्कळ पाणी थोडेसे ढकलून मिळवता येतो किंवा थोडे पाणी जोरात ढकलून. यांपैकी पहिला मार्ग काटकसरीचा असतो.

समजा, पाणबुडी सेकंदाला ५ मीटर, म्हणजे सुमारे १० नॉट वेगाने जात आहे. पंख्याने मागे सोडलेल्या पाण्याचा वेग पाणबुडीच्या सापेक्ष सेकंदाला ६ मीटर असेल, तर आदर्श कार्यक्षमता सुमारे ९१ टक्के येते. तोच वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर ती सुमारे ६७ टक्क्यांवर उतरते. मात्र पहिल्या स्थितीत तेवढाच रेटा मिळवण्यासाठी पाचपट पाणी हाताळावे लागते आणि त्यासाठी मोठ्या व्यासाचा पंखा लागतो. प्रत्यक्षातील कार्यक्षमता घर्षण व भोवऱ्यांमुळे या आदर्श आकड्यांहून कमी असते; परंतु मोठा व संथ पंखा काटकसरीचा असतो हे सूत्र कायम राहते.

नलिका या हिशेबात दोन प्रकारे फरक करते. नदीचे पात्र अरुंद झाले की प्रवाह वेगवान होतो आणि रुंद झाले की संथ होतो. त्याच नियमाने नलिकेचा आकार पंख्यापाशी येणाऱ्या पाण्याचा वेग ठरवतो.

* वेगवर्धक नलिकेत पाणी पंख्याकडे येताना वेग घेते. नलिकेच्या भिंतीवरील दाबाची रचना अशी होते की, नलिका स्वतःही पुढच्या दिशेने रेटा देते.
* वेगरोधक नलिकेत पाणी रोटरपाशी येताना मंदावते आणि त्याचा दाब वाढतो. दाब वाढल्याने कॅव्हिटेशन लांबणीवर पडते. मात्र ही नलिका रेट्यात भर घालत नाही. उलट ती काही प्रमाणात मागे ओढते.

दोन्ही प्रकारांत पात्यांची टोके नलिकेच्या भिंतीलगत फिरतात. त्यामुळे टोकापाशी पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सहजासहजी वळू शकत नाही आणि टोकावरचा भोवरा क्षीण होतो. तो नाहीसा मात्र होत नाही. पाते व भिंत यांच्यामधील फटीतून गळणारे पाणी स्वतःचा एक लहान भोवरा निर्माण करतेच. ही फट जितकी कमी तितके चांगले. परंतु ती फार कमी ठेवली, तर शाफ्टच्या किंचित हालचालीनेही पाते भिंतीला घासण्याची भीती असते.

## इतिहास

पंख्याभोवती नळी बसवण्याच्या कल्पनेवर १९३० च्या दशकात युरोपात गांभीर्याने काम झाले. इटलीत लुइजी स्टिपा यांनी विमानासाठी असा प्रयोग केला. जर्मनीत लुडविग कोर्ट यांनी बोटींसाठी नलिका विकसित केली. कालव्यांतून जाणाऱ्या बोटींच्या पंख्यांमुळे काठ खचत असत आणि ती धूप थांबवणे हा कोर्ट यांच्या कामाचा मूळ उद्देश होता. त्या नलिकेमुळे बोटीची ओढण्याची शक्ती वाढते असे लक्षात आले आणि 'कोर्ट नलिका' टगबोटींवर रूढ झाली.

पाण्याखालील शस्त्रांमध्ये पंप-जेटचा वापर पाणतीरांपासून (टॉर्पेडो) सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकी नौदलात दाखल झालेला मार्क ४८ हा पाणतीर पंप-जेटवर चालतो. पाणतीराचा आकार लहान व वेग मोठा असल्याने त्याच्या बाबतीत कॅव्हिटेशन टाळणे विशेष निकडीचे होते.

पूर्ण आकाराच्या पाणबुडीवर पंप-जेट आणण्यात ब्रिटनने पुढाकार घेतला. 'चर्चिल' या पाणबुडीवर त्याच्या चाचण्या झाल्या. त्यानंतर स्विफ्टशुअर व ट्रफाल्गर या दोन्ही वर्गांत, प्रत्येक वर्गातील पहिली पाणबुडी वगळता, उर्वरित पाणबुड्यांना पंप-जेट बसवण्यात आले. पुढे अमेरिका व फ्रान्स यांनीही हा मार्ग स्वीकारला. रशियाने किलो वर्गातील 'अल्रोसा' या एकाच डिझेल-विद्युत पाणबुडीवर पंप-जेटचा प्रयोग केला. ही पाणबुडी १९९० मध्ये सेवेत आली.

## प्रकार

### वेगवर्धक (कोर्ट) नलिका

ही सर्वांत साधी रचना आहे : एक पंखा, भोवती एक आखूड नळी, आणि स्थिर पाती नाहीत. बोट जवळजवळ उभी असताना किंवा फार मंद गतीने जड भार ओढताना या नलिकेचा लाभ सर्वाधिक असतो. बंदरात मोठी जहाजे धक्क्याला लावणाऱ्या टगबोटी, मासेमारीचे ट्रॉलर आणि दूरनियंत्रित पाणबुडे यंत्रमानव यांच्यावर ती सर्रास दिसते.

वेग सुमारे १० नॉटच्या पुढे गेला की नलिकेचे घर्षण वाढते आणि ती लाभाऐवजी ओझे ठरू लागते. शिवाय पंख्यापाशी पाण्याचा वेग वाढल्याने तेथील दाब घटतो. शांततेची गरज असलेल्या लढाऊ पाणबुडीला हा व्यवहार परवडत नाही. त्यामुळे मुख्य प्रचालनासाठी ही नलिका लढाऊ पाणबुड्यांवर रूढ झाली नाही. संशोधनासाठीच्या छोट्या, मंदगती पाणबुड्यांना मात्र ती उपयोगी पडते.

### पंप-जेट

पंप-जेटमध्ये वेगरोधक नलिका, अनेक पात्यांचा रोटर आणि किमान एक स्टेटर असे तीन घटक असतात. उघड्या पंख्यामागे पाणी गरगरत जाते आणि त्या गरगरण्यात खर्च झालेली ऊर्जा रेट्याच्या कामी येत नाही. स्टेटर हे गरगरणे सरळ करतो आणि त्या ऊर्जेचा काही भाग परत मिळवतो.

स्टेटरच्या जागेनुसार पंप-जेटचे दोन उपप्रकार पडतात.

स्टेटर पुढे असलेले पंप-जेट. यात पाणी प्रथम स्थिर पात्यांमधून जाते. ही पाती पाण्याला रोटरच्या उलट दिशेने थोडा पीळ देतात. रोटर तो पीळ उलगडतो आणि पाणी जवळजवळ सरळ बाहेर पडते. स्टेटरची पाती नलिकेला पाणबुडीच्या शरीराशी जोडणारे आधारही ठरतात. दोष असा की, प्रत्येक स्थिर पात्यामागे मंद पाण्याचा पट्टा तयार होतो आणि रोटरला तो कापत जावे लागते. म्हणून रोटर व स्टेटर यांच्या पात्यांच्या संख्या सामाईक विभाजक नसलेल्या ठेवतात आणि दोहोंमधील अंतर काळजीपूर्वक ठरवतात.

स्टेटर मागे असलेले पंप-जेट. यात रोटर पुढे असतो आणि त्याने दिलेला पीळ मागची स्थिर पाती काढून टाकतात. ऊर्जा परत मिळवण्याच्या दृष्टीने ही रचना सरळ आहे. मात्र कल्ल्यांमागचे असमान पाणी थेट रोटरवर येते आणि रोटरने घुसळलेले पाणी स्थिर पात्यांवर आदळते. प्रकाशित संशोधनात साधारणपणे पहिली रचना शांततेसाठी आणि दुसरी कार्यक्षमतेसाठी अनुकूल मानली जाते. परंतु हा फरक पात्यांच्या तपशीलवार आकारानुसार बदलतो.

पंप-जेटचे मुख्य लाभ पुढीलप्रमाणे :

* कॅव्हिटेशन अधिक वेगाला सुरू होते, त्यामुळे पाणबुडीला तुलनेने जलद जाऊनही शांत राहता येते.
* रोटरला अधिक पाती देता येतात. प्रत्येक पात्यावरील भार कमी होतो.
* नलिका फिरत्या पात्यांना झाकते आणि बाजूंना जाणारा आवाज काही अंशी अडवते.
* दोरखंड व धक्क्याशी होणारी टक्कर यांपासून पात्यांना संरक्षण मिळते.

तोटेही स्पष्ट आहेत. नलिका, स्टेटर व रोटर यांचे वजन पाणबुडीच्या अगदी टोकाला पडते आणि त्याचा तोल पुढच्या भागात सांभाळावा लागतो. नलिकेच्या आतील व बाहेरील पृष्ठभागांवर कायम घर्षण होते. सर्व पाती पुढे जाण्यासाठी घडवलेली असल्याने उलट दिशेचा रेटा सामान्यतः कमी मिळतो, म्हणून थांबायला व मागे यायला अधिक अंतर लागते. रचना गुंतागुंतीची असल्याने निर्मिती व देखभाल यांचा खर्चही वाढतो.

### परिघचालित प्रणाली

नेहमीच्या पंख्याला मधल्या शाफ्टमधून गती मिळते. परिघचालित प्रणालीत विद्युत मोटर नलिकेच्या भिंतीतच सामावलेली असते. पात्यांची टोके एका कड्याला जोडलेली असतात, त्या कड्यावर चुंबक असतात आणि नलिकेतील तारांच्या वेटोळ्यांमुळे ते कडे फिरते. येथे पाते व नलिका यांच्यात फट उरत नाही, म्हणून टोकावरून गळणाऱ्या पाण्याचा भोवरा बनत नाही. काही रचनांत तुंबाही नसतो. पाती कड्याकडून आत वळलेली असतात आणि मध्यभाग मोकळा असतो.

पाणबुडीसाठी याचे सर्वांत मोठे आकर्षण शाफ्टचा अभाव हे आहे. पाणबुडीच्या दाबरोधक कवचातून बाहेर जाणाऱ्या लांब शाफ्टला अवजड बेअरिंग व जलरोधक बंदिस्ती लागते. त्या शाफ्टमधून यंत्रांचे कंपनही बाहेर पोहोचते. परिघचालित प्रणालीत कवचातून केवळ विजेच्या तारा जातात.

अडचणी मात्र कठीण आहेत. कडे व नलिका यांच्यातील अरुंद जागेत समुद्राचे पाणी खेळते आणि तेथे घर्षण होते. बेअरिंगला खारे पाणी, वाळू व सागरी जीव यांना तोंड द्यावे लागते. जहाजे बाजूला सरकवण्यासाठी वापरली जाणारी बहुतेक परिघचालित साधने मोठ्या आण्विक पाणबुडीला लागणाऱ्या शक्तीपेक्षा पुष्कळ कमी शक्तीची आहेत. शाफ्टविरहित प्रचालन हे अमेरिकेच्या २००४ मध्ये सुरू झालेल्या 'टँगो ब्राव्हो' या संशोधन कार्यक्रमाचे एक अंग होते. २०१७ मध्ये चीनचे नौदल अभियंता मा वेइमिंग यांनीही या तंत्राच्या विकासाविषयी दूरचित्रवाणीवर माहिती दिली होती.

### अंतर्गत जलझोत

या प्रणालीत पाणी बोटीच्या तळातील तोंडातून आत ओढले जाते, आतील पंपाने त्याला वेग दिला जातो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून ते जोरात बाहेर सोडले जाते. वेगवान गस्ती नौका व प्रवासी बोटी ती वापरतात. पंप-जेट व जलझोत यांच्यात अनेकदा गल्लत होते. पंप-जेट बोटीच्या बाहेर, शेपटाच्या भोवती असते. जलझोत बोटीच्या आत असतो. पाणबुडीत अशा नळ्यांमुळे आतील मौल्यवान जागा व्यापली जाते आणि थोडे पाणी फार वेगाने फेकावे लागल्याने मंद गतीला कार्यक्षमता घटते. त्यामुळे मोठ्या पाणबुड्यांच्या मुख्य प्रचालनासाठी तो रूढ नाही.

### चुंबकीय-द्रवगतिक प्रणाली

ही एकही फिरता भाग नसलेली नलिका आहे. समुद्राचे पाणी विजेचे वाहक असते. नलिकेत आडवा विद्युत प्रवाह सोडला आणि त्याला काटकोनात प्रबळ चुंबकीय क्षेत्र ठेवले, तर पाण्यावर तिसऱ्या दिशेने बल पडते आणि ते मागे फेकले जाते. १९६६ मध्ये अमेरिकेत स्ट्यूअर्ट वे यांच्या मार्गदर्शनाखाली या तत्त्वावरील एक लहान पाणबुडी-प्रतिकृती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ चालवून दाखवण्यात आली. जपानमधील 'यामातो १' या प्रायोगिक नौकेने १९९२ मध्ये कोबे बंदरात अतिसंवाहक चुंबकांच्या साहाय्याने ताशी सुमारे १५ किलोमीटर वेग गाठला.

समुद्राचे पाणी वाहक असले तरी तांब्याची विद्युतवाहकता त्याच्या एक कोटीहून अधिक पट आहे. त्यामुळे बरीचशी वीज पाणी तापवण्यातच खर्च होते. विद्युतअग्रांपाशी पाण्याचे अपघटन होऊन वायूंचे बुडबुडे येतात, अग्रे झिजतात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रावरून पाणबुडीचा माग लागण्याची शक्यताही उरते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'डार्पा' या संस्थेने या विषयावर, विशेषतः विद्युतअग्रांच्या टिकाऊपणावर, नवा संशोधन कार्यक्रम जाहीर केला. सध्या सेवेतील कोणत्याही लढाऊ पाणबुडीचे मुख्य प्रचालन या तत्त्वावर चालत असल्याचे ज्ञात नाही.

## तुलना

| प्रकार | मुख्य लाभ | मुख्य मर्यादा | पाणबुड्यांतील स्थान |
|---|---|---|---|
| उघडा, वळलेल्या पात्यांचा पंखा (तुलनेसाठी) | मंद गतीला काटकसर, साधेपणा, चांगला उलट रेटा | कॅव्हिटेशन तुलनेने लवकर, टोकाचा भोवरा | बहुतेक डिझेल-विद्युत व अनेक आण्विक पाणबुड्या |
| वेगवर्धक नलिका | फार मंद गतीला मोठा रेटा | अधिक वेगाला अवरोध, पंख्यापाशी दाब कमी | छोट्या संशोधन पाणबुड्या |
| पंप-जेट, स्टेटर पुढे | अधिक वेगालाही शांतता | वजन, घर्षण, स्टेटर-रोटर परस्परक्रिया | प्रामुख्याने आण्विक पाणबुड्या |
| पंप-जेट, स्टेटर मागे | पीळाच्या ऊर्जेची परतफेड | असमान पाणी थेट रोटरवर | पाणतीर, काही पाणबुड्यांचे आराखडे |
| परिघचालित | शाफ्ट नाही, टोकाची फट नाही | शक्तीची मर्यादा, बेअरिंगची झीज | लहान साधने; मुख्य प्रचालनासाठी विकसनशील |
| अंतर्गत जलझोत | उथळ पाण्यात व मोठ्या वेगाला सोयीचा | जागा व्यापतो, मंद गतीला महाग | रूढ नाही |
| चुंबकीय-द्रवगतिक | फिरता भाग नाही | अत्यल्प कार्यक्षमता, अग्रांची झीज | प्रायोगिक |

## ऊर्जास्रोत आणि निवड

पंप-जेट शांत असेल तर सर्वच पाणबुड्यांवर ते का नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर पाणबुडीच्या ऊर्जेच्या शिदोरीत आहे.

पाण्यातून जाण्यासाठी लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती सुमारे आठपट लागते. आण्विक पाणबुडीला हा खर्च परवडतो. ती लांब पल्ल्याचा प्रवास मोठ्या वेगाने करते आणि त्या वेगालाही ऐकू न येणे ही तिची गरज असते. नलिकेच्या घर्षणात थोडी ऊर्जा गेली तरी अणुभट्टीच्या हिशेबात ती नगण्य ठरते.

डिझेल-विद्युत पाणबुडीचे गणित निराळे आहे. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते आणि बहुतेक वेळ काही मोजक्या नॉट वेगाने दबा धरून राहते. इतक्या मंद गतीला चांगल्या उघड्या पंख्यावर सहसा कॅव्हिटेशन होतच नाही. म्हणजे पंप-जेटचा सर्वांत मोठा लाभ तेथे कामी येत नाही, पण नलिकेचे घर्षण मात्र सोसावे लागते. बॅटरी लवकर उतरली तर पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन श्वसननलिका (स्नॉर्केल) वर काढून डिझेल इंजिन चालवावे लागते. त्या वेळी ती सर्वाधिक ऐकू येते आणि रडारलाही दिसू शकते. अशा पाणबुडीच्या बाबतीत ऊर्जेची बचत हाच शांततेचा एक मार्ग ठरतो.

### ऑस्ट्रेलियातील वाद

या प्रश्नाची सार्वजनिक चर्चा ऑस्ट्रेलियात झाली. २०१६ मध्ये त्या देशाने बारा पाणबुड्यांसाठी फ्रान्सचा 'शॉर्टफिन बाराकुडा' हा आराखडा निवडला. फ्रान्सच्या आण्विक पाणबुडीवरून तो तयार केलेला होता. ऊर्जास्रोत मात्र डिझेल-विद्युत होता आणि प्रचालनासाठी पंप-जेट योजले होते. मंद गतीला पंप-जेटची कार्यक्षमता कमी पडेल आणि त्यामुळे पाण्याखाली राहण्याचा कालावधी घटेल, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आधुनिक पंप-जेट सर्व वेगांना समाधानकारक काम देते, असे समर्थकांनी सांगितले. प्रत्यक्ष मोजमापे गोपनीय असल्याने हा वाद उघडपणे निकालात निघू शकला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटन व अमेरिका यांच्या सहकार्याने आण्विक पाणबुड्या घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि हा करार रद्द झाला. त्या निर्णयाची कारणे प्रचालन प्रणालीपेक्षा व्यापक होती.

## विविध देशांतील वापर

* ब्रिटन – स्विफ्टशुअर व ट्रफाल्गर वर्गांतील बहुतेक पाणबुड्या. व्हॅन्गार्ड व अस्ट्यूट वर्ग.
* अमेरिका – सीवुल्फ वर्ग (१९९७ पासून सेवेत) व व्हर्जिनिया वर्ग (२००४ पासून). त्याआधीच्या लॉस एंजेलिस व ओहायो वर्गांत उघडे पंखे होते. बांधणी सुरू असलेल्या कोलंबिया वर्गात विद्युत प्रचालन व पंप-जेट यांची जोड आहे.
* फ्रान्स – 'ल ट्रायम्फां' वर्ग (१९९७ पासून) व 'स्युफ्रन' वर्ग (२०२० पासून).
* रशिया – बोरेई वर्ग व 'अल्रोसा'.
* जर्मनी, स्वीडन – या देशांच्या डिझेल-विद्युत पाणबुड्यांत प्रामुख्याने उघडा, वळलेल्या पात्यांचा पंखा.

भारतीय नौदलाच्या कलवरी वर्गाच्या डिझेल-विद्युत पाणबुड्या मुंबईतील माझगाव डॉक येथे फ्रान्सच्या स्कॉर्पीन आराखड्यावरून बांधण्यात आल्या. पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. या वर्गात उघडा पंखा आहे. ज्या देशाने स्वतःच्या आण्विक पाणबुड्यांना पंप-जेट बसवले, त्याच देशाच्या डिझेल-विद्युत आराखड्यात उघडा पंखा असणे, हे ऊर्जास्रोतानुसार निवड बदलते याचे ठळक उदाहरण आहे. भारतात पाण्याखालील शस्त्रे व जलगतिकी यांवरील संशोधन विशाखापट्टणम येथील नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत चालते.

## गोपनीयता

पाणबुडीचा पंखा हा तिचा सर्वांत जपून झाकलेला भाग आहे. पात्यांची संख्या, वळण व व्यास कळला तर तिच्या आवाजाविषयी बरेच अनुमान करता येते. म्हणून जलावतरणाच्या वेळी किंवा सुक्या गोदीत पंखा अनेकदा ताडपत्रीने झाकलेला असतो. पंप-जेटची नलिका हे काम काही अंशी स्वतःच करते. बाहेरून केवळ एक कडे दिसते.

पाती किती अचूक कापली आहेत यावरही आवाज अवलंबून असतो. १९८० च्या दशकात सोव्हिएत संघाने जपान व नॉर्वे येथील कंपन्यांकडून निर्यातबंदी असलेली अनेक अक्षांची संगणकनियंत्रित यंत्रे व नियंत्रक मिळवले. १९८७ मध्ये हे उघडकीस आले तेव्हा पाश्चात्त्य देशांत मोठी खळबळ उडाली. या यंत्रांमुळे सोव्हिएत पाणबुड्यांचे पंखे अधिक शांत करता येतील, अशी भीती त्यामागे होती.

या गोपनीयतेमुळे विशिष्ट पाणबुड्यांच्या पंप-जेटची कार्यक्षमता किंवा आवाजाची पातळी यांविषयी प्रसिद्ध होणारे आकडे सावधपणे वाचावे लागतात. उपलब्ध शास्त्रीय साहित्य मुख्यतः प्रतिकृती, जलबोगद्यांतील चाचण्या आणि संगणकीय गणिते यांवर आधारलेले आहे. त्यातून प्रकारांमधील तुलनात्मक फरक समजतो. प्रत्यक्ष समुद्रात कोण किती शांत आहे, हे समजतेच असे नाही.

## हेही पाहा

* पाणबुडी
* सोनार
* पाणतीर
* कलवरी वर्ग (२०१७)
* बर्नुलीचे तत्त्व